कोळी अनान्सेच्या मागोमाग: गोष्टींमधून लहान मुलांना घानाच्या अकान कलेची ओळख कशी करून द्यावी

लहान मुलांना आफ्रिकेविषयी विचारले, तर सिंह, जिराफ आणि घनदाट जंगल याखेरीज फारसे काही ऐकायला मिळत नाही. यात मुलांचा दोष नाही. आपण मोठ्यांनीच त्यांना तेवढे दाखवलेले असते. सुमारे तीन कोटी चौरस किलोमीटरचा, म्हणजे भारताच्या नऊपट आकाराचा आणि ५४ देशांचा हा खंड एका ‘आफ्रिका दिनात’ किंवा एका भिंतीपत्रकात बसवायला गेलो, की हाती पुन्हा तेच सिंह आणि जिराफ उरतात. म्हणून मी येथे एकच वाट सुचवते: एक समाज घ्यावा, त्याच्या गोष्टींतले एक पात्र घ्यावे, आणि त्या पात्राचा हात धरून चार-पाच वस्तूंपर्यंत जावे. समाज म्हणजे पश्चिम आफ्रिकेतील घाना या देशातले अकान लोक, त्यातही कुमासी शहराच्या परिसरातले असान्ते. आणि पात्र म्हणजे क्वाकू अनान्से हा कोळी. चार ते आठ वर्षांच्या मुलांसाठी, आठवड्यातून एक बैठक धरली, तर हा कार्यक्रम पाच-सहा आठवड्यांचा होतो. घरी एका मुलाबरोबरही तो करता येतो आणि बालवाडीत किंवा वाचनालयात वीस मुलांबरोबरही.

संपूर्ण काळात एक क्रम मोडू नये. आधी गोष्ट, मग त्या गोष्टीत येणाऱ्या वस्तूचे चित्र, आणि शेवटी हाताचे काम. उलट क्रमाने, म्हणजे आधी बाहुलीचे चित्र दाखवून ‘ही आफ्रिकी कला’ असे सांगितले, तर मूल ती वस्तू विचित्र म्हणून पाहते. तीच बाहुली गोष्टीत भेटल्यावर मात्र ते तिला ओळखीची म्हणून पाहते.

पहिली पायरी: गाव आणि नाव

पहिल्या दिवशी नकाशा उघडावा, पण बोट खंडावर न ठेवता कुमासीवर ठेवावे. कुमासी हे असान्ते राज्याच्या राजधानीचे शहर असून आजही तेथे असान्ते राजाचा दरबार भरतो, मोठा बाजार आहे, रस्ते आहेत, वाहनांची गर्दी आहे. मुलांना आजच्या कुमासीचे एखादे छायाचित्र अवश्य दाखवावे, नाहीतर गोष्टीतले रान हेच त्यांच्या मनात तेथील लोकांचे घर होऊन बसते. घाना ६ मार्च १९५७ रोजी ब्रिटिशांपासून स्वतंत्र झाला, एवढा एक धागा मोठ्या मुलांना पुरेसा असतो. त्यांना आपला १५ ऑगस्ट ठाऊक असतो.

नंतर नावांचा खेळ घ्यावा. अकान कुटुंबात मूल ज्या वारी जन्मते, त्या वारावरून त्याला एक नाव मिळते. मुलग्यांची नावे रविवारपासून अशी: क्वासी, क्वाजो, क्वाबेना, क्वाकू, याव, कोफी, क्वामे. मुलींची: अकोसुआ, अजोआ, अबेना, अकुआ, या, अफुआ, अमा. अनान्सेचे पूर्ण नाव क्वाकू अनान्से, म्हणजे तो बुधवारी जन्मलेला. संयुक्त राष्ट्रसंघाचे महासचिव झालेले कोफी अन्नान हे ८ एप्रिल १९३८ रोजी कुमासीत जन्मले आणि तो शुक्रवार होता. पालकांकडून प्रत्येक मुलाचा जन्मवार आधीच विचारून ठेवावा आणि त्या दिवसापुरते मुलांना ही नावे वापरू द्यावीत. आपल्याकडेही, विशेषतः ठाणे-पालघरच्या आदिवासी पाड्यांवर, सोम्या, मंगळ्या, बुध्या अशी वारांवरून ठेवलेली नावे आढळतात, हे येथे जरूर सांगावे. वर्गात असे नाव असलेले मूल असेल, तर त्या दिवशी त्याला आपल्या नावाचा वेगळाच अभिमान वाटताना मी पाहिला आहे.

नावांचे मराठीकरण करू नये. अनान्सेचा ‘आनंदा’ करण्याचा मोह सोयीचा असतो, पण चार वर्षांच्या मुलाची जीभ आपल्यापेक्षा लवचीक असते आणि ‘अनान्से’ म्हणायला त्याला दोन मिनिटे पुरतात. किनारपट्टीवरच्या मुलांना मात्र एक गोष्ट स्पष्ट करून सांगावी लागते: हा कोळी मासेमारी करणारा नव्हे, जाळे विणणारा आठ पायांचा कोळी. ‘पण जाळे तर दोघांचेही असते’ असे एखादे मूल म्हणाले, तर त्याला थांबवू नये.

दुसरी पायरी: बैठक कशी मांडावी

अकान भाषेत अशा गोष्टींना ‘अनान्सेसेम’ म्हणतात. शब्दशः अर्थ अनान्सेच्या गोष्टी. पण ज्या गोष्टीत कोळी मुळीच येत नाही, तिलाही हेच नाव आहे. परंपरेने त्या अंधार पडल्यावर सांगितल्या जात. तेव्हा संध्याकाळची वेळ निवडावी, ते जमत नसेल तर पडदे ओढून घ्यावेत, आणि मुलांना रांगेत न बसवता गोल बसवावे.

सुरुवात आणि शेवट यांची ठरावीक वाक्ये आहेत व ती गाळू नयेत. ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ रॅट्रे यांनी १९३० साली मूळ भाषेसह प्रसिद्ध केलेल्या असान्ते गोष्टींत सांगणारा आरंभी म्हणतो, की आम्ही जे सांगणार आहोत ते खरे आहे असे आमचे खरोखर म्हणणे नाही. शेवटी तो म्हणतो, की ही माझी गोष्ट गोड लागली असो वा नसो, थोडी दुसरीकडे घेऊन जा आणि थोडी माझ्याकडे परत येऊ द्या. आटपाट नगरापासून ‘साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण’ इथपर्यंत कहाण्या ऐकलेल्या घरात या चौकटीचे काम समजावून सांगावे लागत नाही. मुलांकडून दोन्ही वाक्ये एकसुरात म्हणवून घ्यावीत; तिसऱ्या बैठकीपर्यंत ती त्यांची पाठ होतात.

ऐकणाऱ्यांनी गप्प बसावे, असा येथे नियम नाही. घानाच्या किनारी भागातील फान्ते लोकांत ऐकणाऱ्यांपैकी कोणीही गोष्ट मध्येच थांबवून गाणे सुरू करू शकतो. या गाण्याला ‘म्बोगुओ’ म्हणतात. नाटककार एफुआ सदरलंड यांनी एकुम्फी अत्विया या गावी ‘कोड्झिदान’, म्हणजे गोष्टींचे घर, उभे राहण्यास हातभार लावला आणि आपल्या नाटकांतही ही पद्धत आणली. आपल्या बैठकीसाठी टाळ्यांवर म्हणता येईल असे दोन ओळींचे सोपे गाणे आधी बसवावे आणि प्रत्येक बैठकीत दोन मुलांना ‘आज गोष्ट अडवण्याचा मान तुमचा’ असे सांगून ठेवावे. जे मूल एरवी दहा मिनिटे स्थिर बसत नाही, ते आपली अडवण्याची वेळ येईपर्यंत कान देऊन ऐकते.

तिसरी पायरी: मुख्य गोष्ट

पहिली गोष्ट कोणती सांगावी, याबद्दल माझे मत ठाम आहे: अनान्सेने आकाशदेवाकडून गोष्टी विकत घेतल्या ती. जगातल्या सर्व गोष्टी आधी न्यामे या आकाशदेवाच्या मालकीच्या होत्या. मोठमोठ्या गावांनी त्या मागितल्या, पण किंमत कोणालाच परवडली नाही. अनान्से वर जातो आणि किंमत विचारतो. न्यामे सांगतो: ओनिनी अजगर, ओसेबो बिबट्या, म्मोबोरो गांधीलमाश्या आणि म्मोआतिया, म्हणजे रानात राहणारी लहानखुरी अदृश्य व्यक्ती, हे सगळे माझ्यापुढे आणून उभे कर.

घरी परतल्यावर अनान्से बायकोला, आसोला, विचारतो आणि मार्ग तीच सांगते. हा भाग घाईत सांगू नये. चतुराई अनान्सेच्या नावावर जमा होते, पण मूळ कथनात पहिली युक्ती आसोची आहे, आणि मुलींचे डोळे नेमके येथेच चमकतात.

अजगरासाठी तो ताडाच्या जातीच्या झाडाची फांदी आणि वेल घेऊन निघतो आणि वाटेत स्वतःशीच मोठ्याने भांडतो: ‘फांदीपेक्षा लांब आहे’, ‘नाही, लांब नाही’. अजगर विचारतो, कशावरून भांडतोस? आणि मग मापासाठी फांदीशेजारी स्वतःच आडवा होतो. येथे एक काठी व दोरी प्रत्यक्ष हातात असावी आणि एका मुलाला अजगर करावे. दोरीचा प्रत्येक वेढा सर्वांनी मिळून मोजावा. गांधीलमाश्यांसाठी तो भोपळ्यात पाणी भरतो, अर्धे त्यांच्यावर ओततो, अर्धे स्वतःवर, डोक्यावर केळीच्या जातीचे पान धरतो आणि ‘पाऊस आला, या भोपळ्यात शिरा’ म्हणतो. मुलांनी बोटांनी पावसाचा आवाज करावा. बिबट्या त्याच्या येण्याजाण्याच्या वाटेवर खणलेल्या खड्ड्यात सापडतो; हा प्रसंग दोन वाक्यांत उरकला तरी चालतो.

म्मोआतियाचा प्रसंग मात्र सर्वांत निगुतीने सांगावा, कारण पुढच्या पायरीचे दार तेथे उघडते. अनान्से चपट्या चेहऱ्याची लाकडी बाहुली कोरतो, तिला झाडाचा चिकट चीक लावतो, तिच्या हातात कुटलेल्या सुरणासारख्या कंदाचा गोळा ठेवतो आणि तिला झाडाखाली बसवतो. म्मोआतिया येते, खाते, आभार मानते. बाहुली उत्तर देत नाही. रागावून तिला चापट मारताच हात चिकटतो, मग दुसरा. बाहुली बोलत नाही, हे मुलांना कळते आणि म्मोआतियाला कळत नाही, या दोहोंमधल्या क्षणी थोडे थांबावे. शेवटी न्यामे सगळ्यांना बोलावून जाहीर करतो, की आजपासून माझ्या गोष्टींना माझ्या गोष्टी कोणी म्हणणार नाही. त्या अनान्सेच्या गोष्टी.

मूळ कथनात अनान्से किमतीवर आपली आईही वाढवून देतो. चार-पाच वर्षांच्या मुलांसाठी मी हा भाग गाळते. सात-आठ वर्षांच्या मुलांना तो सांगते, आणि त्यावर त्यांच्यात जोरदार वाद होतो. गोष्ट संपल्यावर ‘यावरून आपण काय शिकलो’ असे विचारू नये. अनान्से कधी शहाणा असतो, कधी लोभी, कधी फसतो. जगातले सारे शहाणपण एका मडक्यात कोंडून ते झाडावर लपवायला निघालेला तोच, आणि मडके पोटावर न बांधता पाठीवर बांध असे मुलगा न्तिकुमाने सांगितल्यावर ते संतापाने खाली टाकणारा, त्यामुळे शहाणपण सर्वत्र पसरवणाराही तोच. त्याला नमुनेदार मूल बनवले, की गोष्ट मरते. मडक्याची ही दुसरी गोष्ट पुढच्या आठवड्यासाठी राखून ठेवावी.

चौथी पायरी: गोष्टीतली बाहुली

अनान्सेने कोरलेल्या त्या बाहुलीला मूळ कथनात ‘अकुआचे मूल’ म्हटले आहे, आणि अकुआबा या नावाने ती अकान शिल्पाची सर्वांत ओळखीची वस्तू आहे. तिची स्वतंत्र कथा अशी सांगतात: बुधवारी जन्मलेल्या अकुआ नावाच्या बाईला मूल होत नव्हते. पुजाऱ्याने तिला लहानशी लाकडी बाहुली करवून घ्यायला आणि खऱ्या बाळासारखी सांभाळायला सांगितले. ती बाहुली पाठीशी बांधून हिंडे तेव्हा लोक ‘ते पाहा अकुआचे बाळ’ म्हणून हसत. पुढे तिला मुलगी झाली, आणि इतर बायकाही तशीच बाहुली करवून घेऊ लागल्या. वंश आईकडून मोजणाऱ्या या समाजात बाहुली मुलीचीच असते.

कथा सांगून झाल्यावरच चित्र दाखवावे. जगातील मोठ्या संग्रहालयांच्या संकेतस्थळांवर चांगली छायाचित्रे मिळतात. मुलांना फक्त ‘काय दिसते?’ एवढे विचारावे. मोठे, चपटे, तबकडीसारखे डोके, वळ्यांचा गळा, लहानशी जिवणी. कपाळ रुंद आणि मानेला वळ्या असणे हे तेथे सौंदर्याचे लक्षण मानतात, हे त्यांच्या निरीक्षणानंतर सांगावे. मग पुठ्ठा किंवा मातीची बाहुली करून, ओढणीने पाठीशी बांधून, दिवसभर तिची काळजी घेण्याचा खेळ द्यावा. मुलगे आणि मुली दोघांनाही द्यावा.

पाचवी पायरी: कोळ्याचे कापड

कुमासीजवळच्या बोनविरे गावात केंते कापड विणले जाते. तेथे सांगतात, की दोन भावांनी रानात कोळ्याला जाळे विणताना पाहिले आणि तेच पाहून ते विणकाम शिकले. केंते सुमारे दहा सेंटिमीटर रुंदीच्या लांब पट्ट्यांत विणतात आणि मग पट्ट्या शेजारी शेजारी शिवतात; पुरुषाच्या मोठ्या वस्त्रात अशा वीसहून अधिक पट्ट्या असतात. नमुन्यांना नावे असतात, त्यांत म्हणी आणि माणसांची आठवण असते. २०२४ साली युनेस्कोने या विणकामाची नोंद मानवतेच्या अमूर्त वारशात केली. कागदी विणकाम सर्वांना येते. येथे एवढेच करावे, की प्रत्येक मुलाने एकच पट्टी विणावी, तिला नाव द्यावे, आणि सर्वांच्या पट्ट्या जोडून एक वस्त्र व्हावे.

अदिंक्रा कापडाला अधिक वेळ द्यावा. ते न्तोन्सो या गावी छापतात. भोपळ्याच्या वाळलेल्या कवचाच्या तुकड्यावर चिन्ह कोरून, मागे काड्यांची मूठ बांधून ठसा होतो. झाडाची साल कुटून, तासन्‌तास उकळून दाट, काळपट तपकिरी रंग काढतात. लाकडी फणी रंगात बुडवून कापडावर आधी रेषांचे चौकोन आखतात आणि मग ठशाचा वक्र तळ डोलवत एकेक चौकोन भरतात. हे कापड मुळात शोकप्रसंगी वापरले जाई. पांढऱ्यावर छापलेले आनंदाच्या दिवशीही नेसतात. ब्रिटिश संग्रहालयात असलेला एक जुना नमुना १८१७ साली कुमासीत मिळवलेला आहे.

मुलांना एका वेळी तीनच चिन्हे द्यावीत. ‘अनान्से न्तोन्तान’ म्हणजे कोळ्याचे जाळे. त्याची ओळख गोष्टीतून झालेलीच असते. ‘सांकोफा’ म्हणजे मागे वळून पाहणारा पक्षी: विसरलेले परत जाऊन घेऊन यायला हरकत नाही. आणि ‘अकोको नान’, कोंबडीचा पाय: कोंबडी पिल्लांवर पाय देते, पण त्यांना मारत नाही. शेवटच्या चिन्हावर मुले आपापल्या आईविषयी जे बोलतात, ते आईंनी ऐकण्यासारखे असते.

ठशासाठी अर्धा बटाटा पुरतो. कोरण्याचे काम मोठ्यांनी करावे. रंगासाठी पानात घालायचा काथ थोड्या पाण्यात उकळावा आणि मैद्याच्या खळीने दाट करावा. खाली घडी घातलेली जुनी चादर अंथरली तर ठसा स्वच्छ उमटतो. काथाचे डाग जात नाहीत, तेव्हा जुने कपडे घालून बसावे. चौकोन आधी आखून घेण्याची न्तोन्सोची पद्धत सोडू नये, कारण तिच्यामुळे सर्वांत लहान मुलालाही आपली जागा मिळते.

वेळ उरल्यास दरबारातला दंड घ्यावा. असान्ते राजाच्या वतीने बोलणाऱ्या अधिकाऱ्याच्या, ओच्यामेच्या, हाती सोन्याच्या पत्र्याने मढवलेला दंड असतो आणि त्याच्या टोकावर एखादी म्हण कोरलेली असते. एकावर अंडे धरलेला हात आहे: सत्ता अंड्यासारखी असते, घट्ट आवळली तर फुटते, सैल धरली तर पडते. मुलांच्या हाती उकडलेले अंडे देऊन, पण ते कच्चे आहे असे समजायला सांगून, खोलीत एक फेरी मारायला लावावी. दुसऱ्या एका दंडावर कोळी आणि त्याचे जाळे आहे: अनान्सेच्या घरी जाऊन त्याला शहाणपण कोणी शिकवत नाही. सोन्याची भुकटी तोलण्यासाठीची लहान पितळी वजनेही अशीच म्हणींनी भरलेली आहेत आणि ती मेणाचा साचा वितळवून ओतत, जसे बस्तरचे डोकरा कारागीर आजही ओततात. ज्या घरी डोकऱ्याचे एखादे शिल्प असेल, त्यांनी ते आणून वजनांच्या चित्राशेजारी ठेवावे.

खेळ आणि खाऊ

घानात ‘ओवारे’ हा बारा खळगे आणि ४८ बियांचा खेळ खेळतात. त्या बिया बहुधा सागरगोट्याच्याच असतात. अंड्यांचा पुठ्ठ्याचा ट्रे आणि आजीचे सागरगोटे घेऊन, प्रत्येक खळग्यात चार बिया ठेवून, एकेक बी पुढे पेरत जाण्याचा सोपा खेळ पाच वर्षांचे मूलही खेळते. खाऊ म्हणून चवळी घालून शिजवलेला भात करावा. घानात याला ‘वाचे’ म्हणतात आणि एका विशिष्ट ज्वारीच्या वाळलेल्या लाल पानांनी तो तांबूस होतो. आपल्याकडचा कडबा त्यासाठी वापरू नये. चवळी पश्चिम आफ्रिकेतून आलेली आणि ज्वारी-बाजरीचे मूळही आफ्रिकेतच, हे जेवताना सांगितले तर ताटातल्या भाकरीकडे मुले निराळ्या नजरेने पाहतात.

अवघड प्रश्न

मुले त्वचेच्या रंगाविषयी बोलतील आणि आपल्या घरांत ऐकलेलेच बोलतील. त्यांना दटावून गप्प करू नये, पण हसण्यावारीही नेऊ नये. ‘काळा म्हणजे वाईट, असे तुला कोणी सांगितले?’ असे शांतपणे विचारावे आणि कुमासीच्या मुलांची, वर्गातल्या मुलांची छायाचित्रे शेजारी शेजारी ठेवून रंगांच्या छटा मोजायला लावाव्यात. चेहऱ्याला रंग फासणे, गवताचे झगे, ‘हूहू’ करून नाचणे हे स्नेहसंमेलनात अजूनही चालते. ते पूर्णपणे टाळावे, कारण वर सांगितलेल्या पाच आठवड्यांचे काम ते पाच मिनिटांत पुसून टाकते.

‘आफ्रिकेतले लोक आपल्याकडे आले होते का?’ असा प्रश्न आला, तर मलिक अंबर आणि जंजिऱ्याचे सिद्दी यांच्याविषयी जरूर बोलावे. मात्र मलिक अंबर इथिओपियाचा, आणि कुमासीपासून इथिओपियाची राजधानी चार हजार किलोमीटरहून दूर, हे नकाशावर दाखवावे; नाहीतर सगळे पुन्हा एकाच ‘आफ्रिकेत’ मिसळते.

सात वर्षांवरील मुलांना गुलामगिरीविषयी खरे सांगता येते आणि अनान्सेच त्यासाठी वाट करून देतो. लोकांना जबरदस्तीने पकडून समुद्रापार जमैकासारख्या बेटांवर नेले. त्यांना काहीच बरोबर नेऊ दिले नाही, पण गोष्टी त्यांच्याबरोबर गेल्या. जमैकात अनान्से आजही सांगितला जातो आणि त्याच्या गोष्टींत ‘टाकुमा’ नावाचे पात्र येते, जे मुळात न्तिकुमाच आहे. एवढे सांगून थांबावे आणि पुढचे प्रश्न मुलांना विचारू द्यावेत.

शेवटची पायरी: परत आलेली गोष्ट

प्रत्येक बैठकीनंतर मुलाने घरी कोणाला तरी गोष्ट सांगावी, आणि पुढच्या बैठकीची पहिली दहा मिनिटे त्या गोष्टी परत ऐकण्यासाठी राखून ठेवावीत. गोष्ट बदलून आली तर दुरुस्त करू नये. फक्त ‘मूळ कोणाची?’ एवढे विचारावे आणि ‘घानाच्या अकान लोकांची’ हे उत्तर सर्वांकडून म्हणवून घ्यावे. सहा वर्षांच्या एका मुलीने आजीला अजगराची गोष्ट सांगितली. आजीने तिला बदल्यात भोपळ्यात बसून लेकीकडे निघालेल्या म्हातारीची गोष्ट सांगितली, आणि पुढच्या आठवड्यात ती मुलगी दोन्ही घेऊन आली. दोन्हींत भोपळा होता. तिने विचारले, की म्हातारीचा भोपळा टुणुक टुणुक करत अनान्सेच्या गावापर्यंत पोहोचला असेल का. त्या दिवशी मी ठरवलेली मडक्याची गोष्ट बाजूला ठेवली, मुलांनी भोपळ्याला बोनविरेपर्यंत नेले, आणि शेवटी सर्वांनी मिळून म्हटले: गोड लागली असो वा नसो, थोडी घेऊन जा आणि थोडी आमच्याकडे परत येऊ द्या.